स्वखुशीने

धामणखोलच्या चार वाड्यांत कुणाला दिवस गेले, तर ते नवऱ्याच्या आधी ज्ञानेश्वरी भुवडला कळायचं. त्यात फुशारकी कसली, तिचं कामच ते होतं. तेरा वर्षं ती गावची आशा सेविका होती. बाळंतपणं, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजणं, आणि ज्याला कुठल्याही नोंदवहीत रकाना नाही असं बाकी सगळं.

देवरूखपासून तासाभरावरचं हे डोंगरातलं गाव. निम्मे पुरुष मुंबईकडे. तिचा नवरा केरूही तिकडेच, भिवंडीच्या एका गोदामात. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. घरात ती आणि सासू यमुनाबाई. पालीजवळच्या माहेरी असताना नर्स व्हायचं तिच्या मनात होतं, पण बारावी झाली आणि लग्न ठरलं. अंगाने ठेंगणी, चालायला वाऱ्यासारखी आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा एका जीपवाल्याने अडलेल्या बाईला न्यायला नकार दिला, तर हिने त्याच्या गाडीची किल्ली काढून पऱ्ह्यात फेकली. मग बाईला न्यायचं कसं हे लक्षात आल्यावर स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरून ती शोधून आणली आणि त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "आता चालव."

पूर्वी गावाचं सगळं तिच्या डोक्यात आणि एका जाड वहीत असायचं. मग वरून हुकूम आला की आता सगळं फोनवर. कार्डाचा फोटो काढा, सोनोग्राफीच्या कागदाचा काढा, क्षयाचा माणूस गोळी गिळताना त्याचा काढा. तिने काढले. मग बायकाही फोनवरच बोलू लागल्या. समोर सासू बसलेली, ओटीवर दीर बसलेला, तिथे तोंड उघडता येत नाही. "वैनी, बोलता येत नाय म्हणून लिहिते," असे निरोप रोज यायचे. कुणाला नवऱ्याने मारलेलं, कुणाच्या पोरीची पाळी चुकलेली, कुणाचा मुंबईहून आलेला नवरा तपासून घ्यायला नाही म्हणत होता. फोनला सहा आकडी नंबर होता, तो तिने केरूलाही सांगितला नव्हता. कामाच्या घाईत मात्र अंगठा टेकवून फोन उघडायची तिने सोय करून ठेवली होती.

त्या फोनात मधल्या वाडीतल्या राहीचंही एक कार्ड होतं. राही सव्वीस वर्षांची. दोन मुली, आणि सासरच्यांना मुलगा हवा. दुसऱ्या वेळी रक्तस्राव होऊन ती मरता मरता वाचली होती. दोन महिन्यांनी ती पाणवठ्यावर ज्ञानेश्वरीला म्हणाली, "वैनी, मना आता नको. निदान काही वर्षं नको." ज्ञानेश्वरीने तिला बाजाराच्या निमित्ताने सरकारी दवाखान्यात नेऊन तांबी बसवून आणली. कार्ड घरात ठेवायची सोय नव्हती, म्हणून राहीने ते तिथेच फाडून टाकलं. तांबी बदलायची तारीख लक्षात राहावी, म्हणून ज्ञानेश्वरीने त्याआधी त्याचा फोटो काढून घेतला होता.

गावच्या वरच्या अंगाला चिऱ्याची खाण सुरू झाली, त्याला दोन वर्षं होत आली होती. आधी धूळ आली. मग डंपर आले. मग त्या फेब्रुवारीत झऱ्याचं पाणी तांबडं झालं आणि वाडीत काविळीचे अकरा रुग्ण निघाले. अकराही जणांना ज्ञानेश्वरीनेच दवाखान्यात पोचवलं. तिने दोनदा लेखी अहवाल दिला. दोन्ही अहवाल कुठल्या तरी टेबलावर निजले. तेव्हा तिने बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर या. भाकरी बांधून आणा. दिवसभर बसायचं आहे."

बायका बसल्या. दोन तास सगळं शांत होतं. मग एका डंपरवाल्याने हॉर्न दाबून धरत गाडी इंचाइंचाने बायकांच्या अंगावर आणली, आरडाओरडा झाला आणि कुठून तरी आलेल्या दगडाने काच फुटली. दगड कुणी मारला ते आजही कुणाला माहीत नाही. खाणवाल्याने तक्रार दिली. चौदा नावं लागली, पहिलं ज्ञानेश्वरीचं.

तिसऱ्या दिवशी तिला कातळफाट्याच्या पोलीस ठाण्यात बोलावलं. येताना फोन घेऊन या, असा निरोप होता.

तपास सागर घोरपडे नावाच्या उपनिरीक्षकाकडे होता. घाटावरचा माणूस, तिशीतला. खुर्चीत बसल्याबसल्याच त्याने हात पुढे केला.

"बाई, फोन द्या. लॉक काढा की जरा."

"कशाला?"

"ग्रुपवर काय काय शिजलं, बाहेरून कोण फूस लावतंय, ते बघायचंय."

"ग्रुप बघायचा तर मी उघडून दाखवते. फोन माझ्या हातात राहील, तुम्ही वाचा. बाकीचं नाय दाखवणार. त्याच्यात बायकांची आजारपणं आहेत."

"आम्हाला काय करायचीत बायकांची आजारपणं?"

"नको आहेत ना? मग माझ्या हातात राहू दे."

शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराला हसू आलं. ते पाहून सागरचा चेहरा बदलला. त्याने तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि दाराशी उभ्या असलेल्या महिला शिपायाला म्हणाला, "नम्रता, यांचा अंगठा घ्या."

नम्रता क्षणभर थांबली. मग पुढे येऊन तिने ज्ञानेश्वरीचं मनगट धरलं. ज्ञानेश्वरीने हात मागे ओढला, मूठ आवळली, "सोड गो, सोड!" म्हणून ओरडली. नम्रताने तिची बोटं एकेक करून उलगडली. मेलेल्या माणसाचा अंगठा कागदावर उठवून घ्यावा, तसा तिचा अंगठा फोनवर दाबला. फोन उघडला. त्याला काय, त्याला फक्त अंगठा कळतो. मनाविरुद्ध दाबलेला अंगठा त्याला कसा कळावा?

सागर बोटाने फोनचा पडदा वर सारत गेला. ग्रुप बघून झाला, मग फोटो. मधूनच तो स्वतःच्या फोनने त्या पडद्याचे फोटो घेत होता. हवालदार हरिश्चंद्र त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. वजनाचे तक्ते गेले, लसीकरणाची कार्डं गेली, एका बाईची काळीनिळी पाठ गेली. राहीचं कार्ड आलं, तिथे हरिश्चंद्र म्हणाला, "साहेब, जरा थांबा."

"ते मागं घ्या!" ज्ञानेश्वरी ओरडली. "त्याचा खाणीशी काय संबंध?"

कुणीही मागं घेतलं नाही. तिला तीन तास बसवून ठेवलं, कसल्याशा कागदावर सही घेतली आणि फोन ठेवून घेऊन घरी पाठवलं. कागदाची नक्कल मागितली तर "कोर्टात मिळेल" असं उत्तर मिळालं.

पाचव्या दिवशी सकाळी ती एसटीच्या थांब्यावर आली, तर तिथे राही दोन्ही मुलींना घेऊन उभी होती. हातात एक बोचकं, गालावर वळ.

"राही, काय गो झालं?"

राहीने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या फोनातून गेलं, वैनी."

हरिश्चंद्र हा राहीच्या सासऱ्याचा मावसभाऊ. घरी येऊन त्याने चहा घेता घेता सगळं सांगून टाकलं होतं. राहीच्या सासूने तिला अंगणात उभी करून बजावलं, खोटं बोलू नको, आमच्या हरिश्चंद्राने डोळ्यांनी बघितलान. नवरा रितेश मुंबईहून फोनवर एकच वाक्य बोलला, तिला माहेरी पाठवा. राहीचं माहेर सावर्ड्याला. एसटी आली, राही चढली. धाकटीने खिडकीतून हात हलवला. ज्ञानेश्वरीला हात वर करवेना.

राग तिला नवा नव्हता. पण तिचा राग हा तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखा असायचा, चर्र झालं की संपला. हा तसा नव्हता. हा पोटात बसला आणि उठेना. तांदूळ निवडताना तिला तो अंगठा आठवायचा. ती तो पदराला पुसायची, पुन्हा पुन्हा, जशी काही त्याला शाई लागली होती.

त्याच आठवड्यात ठाण्यातून पुन्हा बोलावणं आलं. झालं असं, की ठेवल्या ठेवल्या फोनची बॅटरी संपली. तो चार्ज करून सुरू केला, तर आता अंगठा चालेना. एकदा बंद पडून सुरू झालेला फोन आधी नंबरच मागतो आणि तो मिळेपर्यंत आतलं सगळं कुलपातच राहतं. सागरला अजून पूर्ण फोनची नक्कल काढायची होती. आता त्याला ज्ञानेश्वरीचं तोंड हवं होतं.

"नंबर सांगा."

"नाय."

"बाई, कायदा माहितेय का? तपासाला मदत केली नाही तर सात वर्षं. सात! पोरंबाळं नाहीत वाटतं घरी?"

"नायत. सासू आहे. तिला सांगून येते आणि मग घाला आत."

ती उठून बाहेर पडली. नंबर दिला नव्हता.

मग सगळ्या बाजूंनी सुरू झालं. गावच्या पुढाऱ्याने पोलीस पाटलाकरवी निरोप पाठवला, की एका बाईपायी चौदा घरं कोर्टाच्या पायऱ्या चढणार आहेत. काही बायकांनी तिला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. "वैनी, राग मानू नकोस, पण आता तुझ्याशी बोलायची भीती वाटते." त्यांचं खरंच होतं. केरूचा फोन सासूच्या फोनवर आला.

"अगो, देऊन टाक ना तो नंबर. काय सोनं ठेवलंयस त्याच्यात?"

"सोनं असतं तर दिलं असतं."

"मग काय हाय?"

"ते तुला सांगायचं असतं, तर त्यांनाही सांगितलं असतं."

तिने फोन सासूला परत दिला. यमुनाबाई सगळं ऐकत चुलीपुढे बसल्या होत्या. निखारे सारत त्यांनी विचारलं, "माजापन हाय काय त्याच्यात?"

ज्ञानेश्वरीला समजलं. दोन वर्षांमागे सासूने तिला सांगितलं होतं, की आपलं अंग बाहेर येतं. वीस वर्षं तिने ते फडक्याने बांधून शेतात कामं केली होती, नवरा मरेपर्यंत त्याला कळू दिलं नव्हतं. ज्ञानेश्वरीने तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांचा कागद फोनात होता.

"हाय," ती म्हणाली.

"मग मेलीस तरी देऊ नको," यमुनाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

देवरूखला औषधाच्या दुकानावरच्या माडीत नीरजा पटवर्धन वकिली करत. पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच घराणं, वडिलांच्या आंब्याच्या बागा. पण ही मुलगी कोर्टात रमली होती. ज्ञानेश्वरी त्यांच्यापुढे बसली आणि एका दमात सगळं सांगून गेली. नीरजांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "आठ दिवसांनी या. कागदाच्या नकला काढते."

आठ दिवसांनी त्यांनी जप्तीचा पंचनामा तिच्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. ज्ञानेश्वरीने वाचलं. "सदर महिलेने आपला मोबाईल पोलिसांसमक्ष स्वखुशीने उघडून दिला."

तिने पुन्हा वाचलं. मग टेबलावर हात एवढ्या जोरात आपटला, की खालच्या दुकानातल्या माणसाने वर डोकावून पाहिलं.

"मॅडम, हा शब्द मी तेरा वर्षं बायकांच्या कागदांवर बघतेय. ऑपरेशनच्या फॉर्मवर असतो. सही घ्यायच्या आधी मी प्रत्येकीला बाजूला घेऊन तीनदा विचारते, बाय, तुझी खरंच मर्जी हाय ना? कुणी जबरदस्ती नाय ना केली? एक जरी गप्प राहिली तरी मी कागद घडी करून परत पिशवीत ठेवते. आणि ह्यांनी माझी बोटं उलगडून वर हे लिहिलं?"

"पाणी प्या," नीरजा म्हणाल्या.

"पाणी नको. मना सांगा, हे लोक काय काय करू शकतात. खरं सांगा."

नीरजांनी खरंच सांगितलं. "सात वर्षांचं ते खोटं नाही. तसा कायदा आहे. कुलपातली माहिती उघडून द्या असं सरकार सांगू शकतं, आणि नाही ऐकलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो हुकूम गृहसचिवांच्या पातळीवरून, लेखी, कारणासकट यावा लागतो. फौजदाराच्या तोंडून येत नाही."

"आणि फोन ओढून घेतला तो?"

"तपासासाठी फोन मागता येतो, जप्तही करता येतो. पण नव्या कायद्याप्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते मी मागितलंय."

"आणि नंबर?"

नीरजांनी पेन खाली ठेवलं. "तिथे खरा घोळ आहे. घटना म्हणते, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. आता डोक्यातला नंबर सांगणं म्हणजे साक्ष देणं, की नुसती किल्ली देणं? वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं सांगितलंय. अंगठ्याचं तर त्याहून कठीण. बोटांचे ठसे पोलीस घेऊ शकतात हे जुनंच आहे. ते म्हणतील, अंगठाही त्यातलाच. मी तुम्हाला खात्री देत नाही. आपण हरूही शकतो."

"हरलो तर?"

"तर नंबर द्यावा लागेल, नाहीतर वर जावं लागेल."

"लढा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "राहीचं जे व्हायचं ते झालं. अजून दीडशे बायका आहेत आत."

पोलिसांनी कोर्टात अर्ज केला, की आरोपीला नंबर सांगायचा हुकूम व्हावा. सुनावणीला ज्ञानेश्वरी आशाची गुलाबी साडी नेसून गेली. नीरजांनी सांगितलं होतं साधे कपडे घाला म्हणून. तिने ऐकलं नाही. "ही साडी नेसून मी फोनात भरलंय सगळं. हीच नेसून सांगते."

सरकारी वकील म्हणाले, "आरोपीचं काही लपवण्यासारखं नसेल, तर नंबर द्यायला हरकत काय?"

ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली. नीरजांनी पदर ओढला, तरी ती उभीच राहिली. न्यायाधीश तरुण होते, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी मान हलवली.

"साहेब, माझं काहीच नाय लपवायचं. माझा ग्रुप मी आत्ता, इथं, तुमच्या टेबलावर उघडून दाखवते. पहिल्या दिवशीही मी हेच म्हणाले होते. बाकीचं माझं नाय. ते ज्यांचं हाय त्यांनी मला विश्वासाने दिलं. माझं नसलेलं मी कुणाला कसं देऊ?"

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग चित्रीकरण मागवलं. ते बेचाळीस सेकंदांचं निघालं. त्यात फोन टेबलावर होता, आणि आधीच उघडलेला.

"तो उघडला कसा, ते यात नाही," न्यायाधीश म्हणाले.

"त्यांनी स्वखुशीने उघडून दिला, सर," सागर म्हणाला. आवाज स्थिर होता. ज्ञानेश्वरीला वाटलं, समोरची दौत, फाईल, जे हाती येईल ते फेकून मारावं. तिने बाकाची कड घट्ट धरली.

न्यायाधीश पंचनामा चाळत होते. "इथे शिपाई नम्रता यांची सही आहे. त्या हजर आहेत?"

नम्रता दाराशीच उभी होती. पुढे आली.

"फोन उघडला तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"हो सर."

"कसा उघडला?"

पंखा फिरत होता. नम्रताने सागरकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"अंगठा मी धरला होता, सर. साहेबांनी सांगितलं म्हणून."

"त्या तयार होत्या?"

"नाही, सर. त्या ओरडत होत्या. मूठ मिटली होती त्यांनी, मी उघडली."

सुनावणी संपली. बाहेर आल्यावर नम्रता जिन्याशी तिला भेटली, काहीतरी बोलायला तोंड उघडू लागली. माफीच असावी. ज्ञानेश्वरी थांबली नाही. पुढे कुणी म्हणालं, की पोरीने नोकरी पणाला लावून खरं सांगितलं, तर ती म्हणायची, "सांगितलं ते बरं केलं. पण हात धरला तेव्हाही तिला तोंड होतं."

दहा दिवसांनी हुकूम झाला. नंबर सांगायची सक्ती या अर्जावर करता येत नाही. पोलिसांना त्या दुसऱ्या कायद्याखाली जायचं असेल, तर त्यांनी योग्य अधिकाऱ्याचा लेखी आदेश आणावा. ग्रुप मात्र आरोपीने स्वतः कोर्टासमोर उघडून दाखवावा, तेवढ्याचीच नक्कल पोलिसांना मिळेल, बाकी फोन मोहोरबंद राहील. सागरने घेतलेले फोटो कोर्टात जमा करावेत. अंगठ्याच्या प्रकाराची वरिष्ठांनी चौकशी करावी.

मग एका सोमवारी कोर्टाच्या टेबलावर, डाव्या हाताने झाकून, ज्ञानेश्वरीने सहा आकडे टाकले. कारकुनाने ग्रुप मोठ्याने वाचला. हंडे आणा. भाकरी बांधून आणा. लहान पोरं आणू नका, ऊन आहे. राधाकाकूला कावीळ आहे, तिला बसवू नका. कुठेही दगड नव्हता. बाहेरून फूस लावणारा कुणी नव्हता. एवढ्यासाठी एका बाईचा संसार मोडला होता.

निकालाचा कागद घेऊन ती सावर्ड्याला गेली. राही एका काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात होती. हाताची कातडी काजूच्या चिकाने काळी पडली होती. ज्ञानेश्वरीने कागद वाचून दाखवला. राहीने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तू जिंकलीस," ती म्हणाली.

"राही..."

"बाकीच्या बायका वाचल्या, बरं झालं. माझं काय? माझी गोष्ट सगळ्या वाडीने चघळली. ती कुठल्या कोर्टात मोहोरबंद करणार?" तिचा आवाज चढला. "तू फोटो काढलासच कशाला? तारीख डोक्यात ठेवायची होतीस. इतरांच्या पोरांच्या वाढदिवसाच्या तारखा ठेवतेस ना!"

ज्ञानेश्वरीकडे उत्तर होतं. दीडशे बायकांच्या तारखा डोक्यात राहत नाहीत. सरकारच फोटो मागतं. पण ते उत्तर तिने दिलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. तेरा वर्षांत हे वाक्य तिने कुणापुढे म्हटलं नव्हतं.

राही हात चोळू लागली. चौकशीत तिचाही जबाब लागणार होता. आधी ती नाही म्हणाली. मग दोन दिवसांनी आईच्या फोनवरून निरोप आला, "येते मी. हरिश्चंद्राचं नाव मला माझ्या तोंडाने घ्यायचंय."

ती आली. वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर बसून, कोण घरी आलं, चहा पिताना काय बोललं, सासूने काय केलं, ते तिने एकेक करून सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" ती म्हणाली, "त्याने जे बघितलं ते विसरायला लावा. जमतंय?" अधिकारी खाली बघून लिहीत राहिला.

हरिश्चंद्राची बदली झाली. सागरला लेखी ताकीद मिळाली. ज्ञानेश्वरीने ते ऐकून विचारलं, "बदली ही शिक्षा कशी? जिथं गेलाय तिथल्या बायकांकडे फोन नाहीत काय?" पोलिसांनी निकालाविरुद्ध रत्नागिरीला जिल्हा कोर्टात धाव घेतली, ते प्रकरण अजून चालू आहे. चौदा जणांवरचा खटलाही चालू आहे. पावसाळ्यात बंद पडलेली खाण दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झाली. रितेश राहीला न्यायला आला नाही, आणि आला असता तरी ती गेली नसती, असं ती आता म्हणते.

ज्ञानेश्वरी काम करतेच आहे. केरूने भिवंडीहून जुना फोन पाठवला. पण बायका आता लिहीत नाहीत. पूर्वी एका निरोपात होणारं काम करायला तिला वरच्या वाडीपर्यंत चढून जावं लागतं, बांधावर, गोठ्यात, कुठेतरी आडोशाला उभं राहून ऐकावं लागतं. वरच्या वाडीतली एक पोर पाचव्या महिन्यापर्यंत गप्प राहिली. अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं की तिला तिथूनच उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. आधीसारखं असतं, तर तिने दुसऱ्याच महिन्यात लिहिलं असतं.

गेल्या महिन्यात तालुक्याला आशांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर नवं ॲप दाखवत प्रशिक्षक सांगत होते, की आता प्रत्येक बाईची माहिती फोटोसकट यावर भरायची.

ज्ञानेश्वरी उभी राहिली. "सर, भरायचं कसं ते सांगितलंत. उद्या पोलिसांनी फोन मागितला, तर आम्ही काय करायचं?"

"तसं कुणी मागत नाही, ताई."

"माझा मागितला. मागितला नाय, ओढून घेतला. मी सांगते कसा ते." आणि तिने साठ बायकांसमोर सगळं सांगितलं. अंगठ्यापाशी आली तेव्हा तिने हात वर करून मूठ आवळून दाखवली.

प्रशिक्षक चष्मा पुसत राहिले. "त्याबद्दल अजून परिपत्रक नाही."

"मग काढा. ते निघेपर्यंत मी आकडे भरेन, नाव आणि फोटो भरणार नाय."

ते पुढच्या पानाकडे वळले. पण जेवणाच्या सुट्टीत ज्ञानेश्वरी डबा बाजूला सारून अर्ज लिहायला बसली, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी तिच्या शेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, आमचीपण नावं घाल. संध्याकाळपर्यंत तेवीस सह्या झाल्या. प्रत्येकीला तिने आधी अर्ज वाचायला लावला.

उत्तर अजून आलेलं नाही. ती दर सोमवारी स्मरणपत्र टाकते, पोचपावती घेते आणि परत येताना वरच्या वाडीचा डोंगर चढते.